मेदाच्या दोन कणग्या

राजांच्या लढायांचा इतिहास आपण लिहितों, किल्ल्यांचा आणि लेण्यांचा लिहितों. परंतु ज्या शरीरांनीं ते किल्ले लढविले आणि तीं लेणीं कोरलीं, त्या शरीरांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे फारशी चाल नाहीं. त्यांतहि मेद म्हणजे चरबी हा विषय तर अगदींच उपेक्षित. तो आला तर विनोदांत येतो, नाहीं तर वैद्याच्या ताकिदींत. वास्तविक मेद हा मनुष्यजातीचा सर्वांत जुना संचय आहे. धान्याचीं कोठारें, पैशांच्या पेढ्या आणि सरकारी खजिने हे सर्व त्याच्यामागून आले. आणि हा संचय स्त्री व पुरुष यांच्या शरीरांत एकाच ठिकाणीं सांठत नाहीं. पुरुषाचा तो मुख्यतः पोटाशीं सांठतो. स्त्रीचा, तिच्या अपत्यवयांत, नितंब आणि मांड्या यांच्या ठिकाणीं. हा भेद कोणालाहि नुसत्या डोळ्यांनीं दिसतो. पण तो कां, त्याचा परिणाम काय, आणि या दोन मेदांविषयीं समाजानें दिलेला निवाडा बरोबर आहे कीं नाहीं, हे प्रश्न नीट विचारले जाण्यास फार काळ लागला. त्या काळाची हकीकत बोरघाटाच्या पायथ्यापासून आरंभून पुनः तेथेंच आणून पोंचवितां येते. म्हणून कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या आधारानें ती सांगण्याचें योजिलें आहे.

रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्याच्या, या दोन तालुक्यांना समुद्र लागत नाहीं. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीची भिंत, आणि मधून उल्हास व पाताळगंगा या नद्यांचीं खोरीं, अशी ही भाताची भूमि आहे. याच उल्हासेच्या खोऱ्यांत, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशीं, कोंडाण्याचीं लेणीं आहेत. तीं ख्रिस्तपूर्व काळांतलीं आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, एवढाच त्याचा आशय. त्याच दर्शनी भागावरील चौकटींतून स्त्रीपुरुषांच्या नाचणाऱ्या जोड्या कोरल्या आहेत. घाट चढून मावळांत गेलें कीं कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशीं अशीच युगुलें अधिक मोठ्या आकारांत आणि अधिक प्रौढ हातानें कोरलेलीं आढळतात. पुरुषाचे खांदे रुंद आणि कंबर बेताची. स्त्रीची कंबर बारीक, आणि मेखलेखालीं नितंबांचा विस्तार ठसठशीत. संस्कृत कवींनीं पुढें हींच लक्षणें इतकीं वापरलीं कीं तीं झिजून गेलीं. परंतु कार्ल्याच्या शिल्पकारापुढें तीं संकेत म्हणून नव्हे, तर पाहिलेली वस्तु म्हणून उभीं होतीं, असें त्या दगडाकडे पाहून वाटतें.

या शिल्पकारांनीं पुरुषाचें पोटहि सोडलें नाहीं. मात्र तें त्यांनीं निराळ्या व्यक्तीला दिलें. कन्नड तालुक्यांतील पितळखोरें येथें सांपडलेली एक यक्षमूर्ति आतां दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. कण्हदास नांवाच्या सुवर्णकारानें ती घडविल्याचा लेख तिच्यावर आहे. हा यक्ष ठेंगणा, हंसतमुख आणि चांगला ढेरपोट्या आहे. यक्षांचा राजा कुबेर. तो धनाचा स्वामी, आणि त्याचेंहि पोट तसेंच. म्हणजे प्राचीन कलेंत मेदाचे अर्थ दोन ठरले होते. स्त्रीच्या नितंबावरील मेद हें संततीचें चिन्ह, आणि पुरुषाच्या पोटावरील मेद हें संपत्तीचें चिन्ह. दोहोंनाहि मान होता. पुढील काळांत यांपैकीं एकाचा मान गेला आणि दुसऱ्याचा राहिला. तो कोणाचा गेला व कोणाचा जावयास हवा होता, हाच या निबंधाचा विषय आहे.

शिल्पकार जें पाहत होता तें वैद्यहि पाहत होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाच विचार विस्तारानें केलेला असून, दोहोंत कृशता पत्करली, असा कौल दिला आहे. अतिस्थूलाचें लक्षण सांगतांना चरकानें नितंब, उदर आणि स्तन हीं तीन स्थानें नांवानिशीं घेतलीं. पण त्यांत भेद मात्र केला नाहीं. सुश्रुतानें मेदाचें मुख्य स्थान उदर असें सांगितलें, आणि प्रमेहाचे रोगी दोन जातींचे मानले: एक जन्मतः दोष घेऊन आलेला, बहुधा कृश; दुसरा आहारविहाराच्या चुकीनें झालेला, बहुधा स्थूल. सुश्रुताचा टीकाकार डल्हण यानें याच प्रकरणीं दुसऱ्या एका तंत्रांतलें एक चमत्कारिक मत नोंदविलें आहे. स्त्रियांची दर महिन्यास शुद्धि होते, म्हणून त्यांना प्रमेह होत नाहीं, असें तें मत. आज तें कोणी मानणार नाहीं, आणि मानूंहि नये. स्त्रियांना मधुमेह होतो व पुष्कळ होतो. परंतु ज्या कोणीं हें लिहिलें त्याच्यापुढें रोगी म्हणून बहुधा पोट सुटलेले पुरुष अधिक येत असावेत आणि अपत्यवयांतल्या स्त्रिया कमी, असा तर्क करण्यास जागा आहे. त्याची उपपत्ति चुकली. निरीक्षणांत मात्र तथ्याचा कण असावा.

आतां या भेदाची आजची उपपत्ति थोडक्यांत सांगितली पाहिजे. लहानपणीं मुलगा आणि मुलगी यांच्या मेदांत फारसें अंतर नसतें. वयांत येतांना तें पडूं लागतें. मुलीच्या शरीरांत इस्ट्रोजेन नांवाचा अंतःस्राव वाढतो, आणि त्याच्या प्रभावानें मेद नितंबांकडे व मांड्यांकडे वळतो. मुलाच्या शरीरांत टेस्टोस्टेरॉन वाढतो. त्यानें स्नायु वाढतात, आणि पुढें जो मेद जमतो तो पोटाकडे जमतो. आल्बर्ट बेंके या अमेरिकन शास्त्रज्ञानें तरुण वयाचे जे आदर्श नमुने बांधले, त्यांत पुरुषाच्या वजनापैकीं १५ टक्के मेद धरला होता आणि स्त्रीच्या वजनापैकीं २७ टक्के. यावरून स्त्री ही स्वभावतःच अधिक स्थूल, असा अर्थ काढूं नये. हा जास्तीचा मेद तिच्या शरीराचा दोष नसून घटक आहे. पुरुषाच्या एकंदर मेदांपैकीं १० ते २० टक्के पोटाच्या पोकळींत, आंतड्यांभोंवतीं असतो. स्त्रीच्या मेदांपैकीं तेथें जेमतेम ५ ते ८ टक्के. स्त्रीची पाळी जाण्याचें वय उलटलें, इस्ट्रोजेन ओसरलें, कीं हें अंतर कमी होत जातें आणि तिचाहि मेद पोटाकडे सरकूं लागतो.

भातकरी कुटुंबाला हें समजावून देण्यास फार कष्ट पडूं नयेत. कर्जतचें भात-संशोधन केंद्र प्रसिद्ध आहे. 'कर्जत-३', 'कर्जत-१८४' अशा भाताच्या जाती तेथूनच शेतकऱ्यांच्या हातीं आल्या. ज्या घरीं भात पिकतो त्या घरीं धान्य दोन ठिकाणीं ठेवतात. एक कणगी रोजच्या खर्चाची. तिच्यांतून केव्हांहि काढावें, केव्हांहि भरावें. दुसरी बियाण्याची, तिला ज्येष्ठांत पेरणीपर्यंत हात लावावयाचा नसतो, घरांत उपास पडले तरी नाहीं. पोटाचा मेद ही पहिली कणगी होय. तो चटकन् जमतो, चटकन् विरघळतो, आणि विरघळला कीं त्यांतील स्निग्धाम्लें एका शिरेवाटे थेट यकृताकडे जातात. ही आवकजावक फार वाढली म्हणजे यकृतावर चरबी सांचते, इन्सुलिनचा हुकूम चालेनासा होतो, आणि मधुमेहाला वाट मिळते. नितंबांचा व मांड्यांचा मेद ही दुसरी, बियाण्याची कणगी. ती सहजासहजीं उघडत नाहीं. स्त्रियांनीं कितीहि प्रयत्न केले तरी तेथला मेद हट्टानें टिकून राहतो, ही सर्वांच्या अनुभवाची गोष्ट आहे. तिची पेरणीची वेळ निराळी असते. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथील रेबुफे-स्क्रीव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८५ सालीं असें दाखविलें कीं, एरवीं बंद असणारा मांड्यांचा मेद मूल अंगावर पीत असतांना मोकळा होऊं लागतो. गरोदरपणांत धडधाकट स्त्रीच्या शरीरांत साडेतीन किलोंच्या आसपास मेद नव्यानें जमतो, आणि दूध पाजतांना रोज सुमारे ५०० उष्मांक अधिक खर्च होतात. तो जमा आणि हा खर्च यांचा हिशोब एकमेकांशीं जुळविलेला आहे.

आणि ही कणगी रिकामी असली तर शरीर पेरणीच करूं देत नाहीं. उपासमारींत स्त्रियांची पाळी बंद पडते, हें जुनें ज्ञान आहे. त्याची यंत्रणा अलीकडे कळली. मेदाच्या पेशी लेप्टिन नांवाचा अंतःस्राव रक्तांत सोडतात आणि त्यावरून मेंदूला संचयाचा अंदाज येतो. याचा शोध न्यू यॉर्क येथें जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेंत १९९४ सालीं लागला. चरबी म्हणजे नुसता निर्जीव सांठा नव्हे, ती शरीराच्या कारभारांत बोलते, हें त्यानंतर सर्वांस मान्य झालें.

हें सर्व कळण्याच्या पुष्कळ अगोदर फ्रान्समधील मार्सेय शहरांत झाँ वाग नांवाचे एक वैद्य नुसत्या निरीक्षणावरून या विषयाच्या गाभ्याशीं जाऊन पोंचले होते. त्यांचा लेख १९४७ सालीं एका फ्रेंच वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. स्थूल माणसांच्या शरीरावर ठिकठिकाणीं त्वचेच्या घड्या मोजून त्यांनीं स्थूलतेचे दोन प्रकार केले: एक पुरुषी, म्हणजे मान, खांदे आणि पोट यांकडील, दुसरा स्त्रैण, म्हणजे नितंब व मांड्या यांकडील. आणि मग त्यांनीं एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. मधुमेह, रक्तवाहिन्यांचे विकार आणि संधिवाताची एक जात हे रोग पहिल्या प्रकाराच्या पाठोपाठ येतात. दुसऱ्या प्रकारांत ते विरळा. शिवाय, स्त्री असूनहि जिचा मेद पुरुषी जागीं सांठतो तिला पुरुषाचेच रोग होतात. म्हणजे प्रश्न स्त्रीत्वाचा किंवा पुरुषत्वाचा नसून मेदाच्या जागेचा आहे. डल्हणानें नोंदविलेल्या मताला खरें उत्तर मिळालें तें येथें.

परंतु या लेखाकडे जगानें बरींच वर्षें लक्ष दिलें नाहीं. त्या काळीं वजनाच्या कांट्याचें राज्य होतें. विमा कंपन्या उंचीच्या मानानें वजनाचे तक्ते छापीत होत्या. बेल्जियममधील गणिती आदोल्फ केतले यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सुचविलेलें उंचीच्या वर्गाशीं वजनाचें गुणोत्तर १९७२ सालीं अँसेल कीज यांनीं 'बॉडी मास इंडेक्स' या नांवानें पुनः पुढें आणलें, आणि तें सर्वत्र रूढ झालें. हें माप सोपें आहे, उपयोगीहि आहे. पण मेद कोठें आहे हें तें सांगत नाहीं. कणग्यांतलें एकंदर धान्य तें मोजतें. खाण्याचें किती आणि बियाण्याचें किती, याची त्याला दाद नसते.

वाग यांचा पक्ष जिंकला तो १९८४ मध्यें, आणि तोहि गोटेनबर्ग येथेंच. तेथें १९१३ सालीं जन्मलेल्या ७९२ पुरुषांवर १३ वर्षें, आणि ३८ ते ६० वयाच्या १,४६२ स्त्रियांवर १२ वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें होतें. दोन्ही गटांत कंबर आणि नितंब यांच्या घेरांच्या गुणोत्तरावरून हृदयरोगाचा अंदाज वजनापेक्षां अधिक चांगला करतां येतो, असें निघालें. साधी शिंप्याची फीत कांट्यावर मात करून गेली. पुढें २००५ मध्यें ५२ देशांतील सुमारे २७,००० माणसांच्या तपासणीवरून हाच निष्कर्ष पुनः निघाला. उलट बाजूचा पुरावाहि मिळाला. कांहीं कुटुंबांत असा एक आनुवंशिक विकार आढळतो कीं, वयांत येतांना हातापायांवरचा व नितंबांवरचा मेद नाहींसा होतो. अशीं माणसें लठ्ठ नसतात. तरीहि त्यांना तीव्र मधुमेह होतो, आणि स्त्रियांना तर अधिकच. ज्या मेदाला आपण व्यर्थ समजत होतों तो जाग्यावर नसला म्हणजे त्याच्या वांट्याची चरबी यकृतांत व स्नायूंत जाऊन बसते. म्हणून नितंबांचा मेद हा केवळ निरुपद्रवी नव्हे. तो रखवालदार आहे.

येथपर्यंतची कथा युरोपची झाली. आतां ती आपल्या घरीं येते. १९९१ सालीं पॉल मॅकीग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लंडनमध्यें स्थायिक झालेल्या भारतीय उपखंडांतील लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. गोऱ्या शेजाऱ्यांशीं वजन जवळजवळ सारखें असूनहि या लोकांची कंबर नितंबांच्या मानानें मोठी होती, इन्सुलिनचा प्रभाव कमी होता आणि मधुमेह अधिक होता. आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीचा पाठपुरावा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं केला. २००४ मध्यें त्यांनीं आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनीं 'लॅन्सेट' पत्रांत स्वतःचेच फोटो शेजारीं शेजारीं छापले. दोघांचा वजन-उंचीचा अंक अगदीं एकच, २२.३. मेद मात्र युडकिन यांच्या शरीरांत ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के. कांट्याची अपुरी साक्ष इतक्या थोडक्यांत आणि इतक्या सौम्य विनोदानें क्वचितच कोणीं उघडी पाडली असेल.

परंतु याज्ञिकांचें याहून मोठें काम पुण्याजवळच्या सहा गांवांतलें आहे. १९९३ सालापासून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथील शेतकरी कुटुंबांतल्या गरोदर स्त्रियांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. या मातांचें वजन गरोदर होण्यापूर्वीं सरासरीनें ४२ किलो, उंची पांच फुटांच्या आसपास. त्यांचीं मुलें जन्मतः सरासरी २.७ किलो वजनाचीं. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील मुलें ३.५ किलोंचीं. हीं मुलें सर्वच बाबतींत लहान असणार, असें कोणीहि म्हणेल. तशीं तीं नव्हतीं. त्यांच्या दंडाचा आणि पोटाचा घेर फार लहान होता. म्हणजे स्नायु आणि यकृतासारखे अवयव कमी भरले होते. परंतु पाठीवर, खवाट्याखालीं, चरबीची जी घडी मोजतात, तीच तेवढी इंग्रज मुलांच्या बरोबरीस बरीचशी आली होती. २००३ सालीं प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष पुढें 'कृश-स्थूल' भारतीय अर्भक या नांवानें जगभर गेला. भुकेल्या गर्भानें काटकसर केली ती स्नायूंत केली, अवयवांत केली. धडावरचा मेद मात्र त्यानें राखून ठेवला. अशा मुलाला मोठेपणीं भरपूर अन्न आणि बैठें काम मिळालें कीं त्याची पहिली कणगी लवकर फुगते, असा याज्ञिकांचा सिद्धान्त आहे. त्यांच्या पाहणींत आणखी दोन गोष्टी निघाल्या. ज्या माता गरोदरपणीं अतिश्रमाचीं कामें करीत होत्या त्यांचीं मुलें अधिक लहान होतीं. आणि ज्यांच्या जेवणांत पालेभाजी, फळें व दूध होतें त्यांचीं मुलें अधिक भरलेलीं होतीं.

आतां हा सर्व हिशोब घेऊन बोरघाट पुनः खालीं उतरावयाचा. कर्जत-खालापुरांत ठाकूर आणि कातकरी यांच्या वाड्या डोंगरांच्या कुशींत पसरलेल्या आहेत. कातकऱ्यांना हें नांव खैरापासून कात काढण्याच्या धंद्यानें मिळालें. तो धंदा गेला, जंगल गेलें, आणि बहुतेकांच्या हातीं स्वतःची जमीन कधींच नव्हती. पावसाळा संपला कीं पुष्कळ कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात व पुढील पावसाच्या तोंडावर परत येतात. त्या भट्ट्यांवर स्त्री गरोदर आहे म्हणून डोक्यावरच्या विटा कमी होत नाहींत. घरीं आली तरी लाकडाची मोळी आणि पाण्याचा हंडा तिच्याच वांट्याला. जेवणाची पंगत बसते तेव्हां तिचा क्रम शेवटचा. ही रीत केवळ वाडीवरची नव्हे. आपल्या पांढरपेशा घरांतहि ती पुरती मोडलेली नाहीं. बियाण्याची कणगी जिनें भरावयाची, तिलाच आपण उरलेल्या भातावर ठेवतों.

त्याच तालुक्यांत दुसरें एक जग उभें राहिलें आहे. खोपोलीला १९१५ सालीं टाटांची वीज निर्माण झाली आणि तिच्यामागून कारखाने आले. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग खालापुरांतून गेला. कर्जतच्या भातजमिनींवर शहरवासीयांचीं सुट्टीचीं घरें उठलीं. ज्याचा बाप नांगरामागें चालला तो मुलगा आतां दुकानांत बसतो, वाहन हांकतो किंवा रोज कर्जत लोकलनें कचेरी गांठतो. त्याला अन्न पुरेसें मिळतें, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु त्याचें शरीर भुकेल्या आजीच्या आणि भुकेल्या आईच्या पोटीं घडलेलें असण्याचा संभव पुष्कळ. म्हणून कुपोषण हा वाडीचा रोग आणि मधुमेह हा शहराचा रोग, अशी जी वांटणी आपण सोयीसाठीं करतों, ती फसवी आहे. एक पिढी सोडून पाहिलें तर तीं एकाच घरचीं भावंडें निघतात.

देशाचे आंकडे हेंच बोलतात. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत प्रथमच कंबर आणि नितंब मोजण्यांत आले. १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांत १९ प्रमाणाबाहेर कृश होत्या आणि २४ प्रमाणाबाहेर स्थूल. परंतु कंबर-नितंबांचें गुणोत्तर धोक्याच्या रेषेवर असलेल्या स्त्रिया होत्या ५७, पुरुष ४८. स्त्रियांसाठीं ही रेषा ०.८५, पुरुषांसाठीं ०.९० अशी धरलेली होती. ५७ हा आंकडा २४ च्या दुपटीहून मोठा आहे. म्हणजे कांट्यानें निर्दोष ठरविलेल्या कितीतरी स्त्रिया फितीनें धोक्यांत असल्याचें सांगितलें. येथें एक बारकावा ध्यानांत घेण्यासारखा आहे. हें गुणोत्तर दोन कारणांनीं वाढतें. कंबर वाढली म्हणजे वाढतें. आणि नितंब भरलेच नाहींत तरीहि वाढतें. सुखवस्तु घरची पोट सुटलेली गृहिणी आणि वीटभट्टीवरची हाडकुळी मजूर स्त्री या दोघीहि त्या रेषेपलीकडे एकत्र येऊं शकतात. पहिलीची खर्चाची कणगी ओसंडली आहे. दुसरीची बियाण्याची कणगी भरलीच नाहीं. दोघींना एकच सल्ला, म्हणजे कमी खा, असा देणारा वैद्य दुसरीचा घात करील.

आतां आरंभींचा प्रश्न निकालांत काढतां येईल. दोन हजार वर्षांपूर्वीं आपल्या कलेनें दोन्ही मेदांना मान दिला. आज स्त्रीच्या नितंबांवरील मेदाची चेष्टा होते. लग्नाच्या बाजारांत तो दोष ठरतो, जाहिराती तो झडविण्याचीं साधनें विकतात, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुली त्याच्या भीतीनें ताट अर्धें टाकून उठतात. पुरुषाच्या ढेरीला मात्र अजूनहि कुबेराचा आशीर्वाद आहे. लग्नानंतर जांवयाचें पोट सुटलें तर सासूला तें मुलीच्या स्वयंपाकाचें प्रशस्तिपत्र वाटतें. 'अंगानें भरले' एवढेंच आपण कौतुकानें म्हणतों. शास्त्राचा निवाडा याच्या नेमका उलट आहे. जो मेद आपण हंसण्यावारी नेतों तो पुढल्या पिढीची ठेव आणि आईचा रखवालदार. जो आपण भाग्याचें लक्षण म्हणून मिरवितों तो रोगाचा दूत. मेद जाग्यावरून ओळखावा, मापावरून नव्हे, आणि तो पुरुषाचा कीं स्त्रीचा यावरूनहि नव्हे.

यावरून घरोघरीं करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहींत. दक्षिण आशियांतील लोकांसाठीं कंबरेच्या घेराची मर्यादा २००५ सालीं आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानें सांगितली: पुरुषांस ९० सेंटीमीटर, स्त्रियांस ८०. घरांत शिवणकामाची फीत असतेच. वर्षांतून दोनदा ती कुटुंबांतल्या सर्व मोठ्या माणसांच्या कंबरेभोंवतीं फिरवावी, आणि घरच्या कर्त्या पुरुषापासून आरंभ करावा. विशेषतः चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीनें आपलें वजन वाढलें नाहीं एवढ्यावर निश्चिंत राहूं नये. कारण वजन तेंच राहून मेदाची जागा बदलण्याचा तोच काळ असतो. वाढत्या वयाच्या मुलीला तिच्या मांड्यांवरून कोणीं बोलूं नये. तिचें शरीर त्या वयांत जें करीत आहे तें बरोबर करीत आहे. आणि घरीं कामाला येणारी स्त्री गरोदर असेल तर तिच्या वांट्याची पालेभाजी व दूध आधीं बाजूला काढून ठेवावें, जड ओझें तिच्याकडून काढून घ्यावें. अंगणवाडींत मुलाच्या दंडाभोंवतीं फीत लावून त्याची भूक मोजतात, ती ११.५ सेंटीमीटरांच्या खालीं भरली कीं सरकारी यंत्रणा त्याला तीव्र कुपोषित म्हणून नोंदते. हें योग्यच आहे. परंतु त्या मुलाच्या दंडाचा हिशोब त्याच्या आईच्या शरीरांत कित्येक वर्षें अगोदर सुरू झालेला असतो, आणि ती स्वतः मुलगी असतांना तिच्या ताटांत काय पडलें, याच्याशीं तो बांधलेला असतो.

बियाणें खाऊन टाकणाऱ्या शेतकऱ्याला आपण अविचारी म्हणतों. ज्या समाजांत मुलींच्या वांट्याला दुष्काळ आणि पुरुषांच्या पोटाला सुकाळ येतो, त्या समाजानेंहि नेमकें तेंच केलेलें असतें.